नैनितालच्या तळ्याकाठचं इंग्रजांच्या काळातलं हॉटेल: व्हरांड्याला पैकीच्या पैकी, मागच्या खोलीला भोपळा

आमचे अप्पा मागच्या जूनला रिटायर झाले, लातूरला पाणीपुरवठ्यात व्हॉल्वमन होते, चौतीस वर्षं. अंगठी करू का म्हणलं तर नको, गाडी घेऊ का म्हणलं तर नको, शेवटी म्हणले एकदा असं तळं दाखव बाई जे उन्हाळ्यात आटत नाही, अन् त्याच्या काठाला चार दिवस नुसतं बसायचंय, देवदर्शन बिवदर्शन नको. ह्यांची क्लासची बॅच चालू होती म्हणून हे आले नाहीत, मग मी, माय, अप्पा अन् माझी सहावीतली लेक असे चौघं दिवाळीनंतर नैनितालला जाऊन आलो. तीन रात्री तळ्याकाठच्या जुन्या हॉटेलात राहिलो त्याबद्दल लिहितेय, कारण बुक करताना मला मराठीत एक बी धड रिव्ह्यू सापडला नव्हता, सगळे नुसते 'ऑसम व्ह्यू' लिहून मोकळे.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. तक्रारी बी करणारे अन् कौतुक बी, आणि तिथल्या पोरांच्या पोटावर माझ्यामुळं पाय नको. जुन्या हॉटेलात बुकिंग करताना काय काय विचारून घ्यायचं तेवढं कळलं तरी बास.

आधी जायचं कसं. लातूरहून पहाटे गाडी करून परभणी, तिथून सचखंड एक्सप्रेस. ज्यांनी सचखंडनं प्रवास केलाय त्यांना माहितीय, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याहून अमृतसरला जाणारी गाडी, वाटेत स्टेशनावर लंगर येतो, फुकट, सगळ्यांना, जातपात न विचारता. मायनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी अन् दशम्या एवढ्या बांधल्या होत्या की वेगळी बॅग झाली, पण लंगरचा कढी-भात आला तसं अप्पांनी डबा पुढं केलाच. जाणाऱ्यांनी आपली ताटं-डबे जवळ ठेवा, तिथं भांडं मिळत नाही. दुसऱ्या दिवशी दिल्ली, रात्री तिथं मुक्काम, अन् सकाळची काठगोदाम शताब्दी. काठगोदामला रूळ संपतात, पुढं डोंगरच. तिथून नैनिताल ३४ किलोमीटर, टॅक्सीनं दीडेक तास, वळणं लई, लेकीला दोनदा उलटी झाली. आल्याच्या वड्या जवळ ठेवा एवढंच सांगते.

आता हॉटेल. नैनितालचं तळं डोळ्याच्या आकाराचं आहे, एका टोकाला तल्लीताल म्हणजे खालचा बाजार अन् दुसऱ्या टोकाला मल्लीताल म्हणजे वरचा, दोन्हीला जोडणारा माल रोड काठाकाठानं जातो. आमचं हॉटेल त्या रोडच्या वर, चढावर. टॅक्सी खाली थांबते, संध्याकाळी सीझनला माल रोडवर गाड्या बंद असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर सामान घेऊन चालत बसाल. खालून वर जायला दगडी पायऱ्या, मी मोजल्या, बासष्ट. मायचे गुडघे दुखतात, तिनं तिसाव्या पायरीला बसून घेतलं अन् म्हणली, पंढरीची वारी बरी होती. लिफ्ट नाही, इमारतच एवढी जुनी की बसवायची कुठं. म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर गाडी वरच्या अंगानं दारापर्यंत येते का हे फोन करून आधी विचारा. आमच्या हॉटेलला तसा मागून रस्ता होता हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं! कोणी सांगितलंच नाही.

बाहेरून वास्तू बघितली की मात्र सगळा दम विसरतो. लाल रंगाचे उतरते पत्रे, पांढऱ्या लाकडी खिडक्या, सागाच्या नाहीतर देवदारच्या असतील त्या रुंद फळ्यांची जमीन, चाललं की खालून कुरकुर आवाज येतो. आत हॉलमध्ये फायरप्लेस, बारशिंग्याचं मुंडकं, अन् भिंतभर जुने फोटो. लेक म्हणली, आई हे भुताच्या पिक्चरमधलं वाटायलंय. तिची आजी म्हणली, गप बस, वाड्याला नाव ठेवू नये.

रिसेप्शनवर पहिली ठिणगी पडली. मी साइटवर 'लेक फेसिंग' खोली बुक केलेली, रात्रीला साडेआठ हजार, वर १८ टक्के जीएसटी (साडेसात हजाराच्या वर भाडं गेलं की १८ लागतो, हे हिशोबात धरा), म्हणजे दहा हजार तीस. एका रात्रीचे. आमच्या घरात एवढे पैसे झोपायला कोणी दिले नव्हते आजपर्यंत, अप्पांना मी पाच हजार सांगितले होते, हा रिव्ह्यू त्यांनी वाचू नये म्हणजे झालं. आणि खोली दिली कुठली, तर मागच्या बाजूची नवीन बांधलेली, खिडकी उघडली की समोर किचनचं धुराडं अन् गॅसच्या टाक्या. माय म्हणली, हे बघायला आलो का दोन हजार किलोमीटर, ह्यांची चूल? मी खाली गेले तर मॅनेजर एकदम शांतपणे म्हणतो, 'मॅडम, बिल्डिंग तो लेक फेसिंग ही है.' बिल्डिंगचं तोंड तळ्याकडं आहे, खोलीची पाठ आहे, असा ह्यांचा हिशोब. मी बँकेत काउंटरवर असते, रोज माणसांशी वाद घालायचा पगार घेते, त्याला बुकिंगचा मेल दाखवला, 'लेक व्ह्यू रूम' असं स्पष्ट लिहिलेलं. मग म्हणला आज फुल आहे, उद्या सकाळी बदलून देतो. दिली, खरंच दिली, दहा वाजता स्वतः येऊन सामान हलवलं. पण पहिली रात्र गेली ना. फरकाचे पैसे परत मागितले तर 'देखते हैं' म्हणला. ते देखते हैं अजून चालूच आहे.

म्हणून सांगते, बुक करताना तीन गोष्टी मेलवर लिहून घ्या, फोनवर नको: खोली जुन्या इमारतीतली की नव्या, खिडकीतून तळं दिसतं की फक्त व्हरांड्यातून, अन् हीटर भाड्यात आहे का. हा हीटर पुढं येणार आहे.

दुसऱ्या दिवशीच्या खोलीबद्दल काय सांगू. उंच छत, दोन माणसं आडवी झोपतील एवढ्या खिडकीचा कट्टा, पितळेच्या मुठीचं कपाट, अन् दार उघडलं की लांब लाकडी व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, अन् खाली सगळं तळं. सकाळी सहाला धुकं पाण्याला चिकटून असतं, मग समोरच्या डोंगराच्या शेंड्याला ऊन लागतं अन् हळूहळू खाली उतरतं, पाण्याला लागेपर्यंत आठ वाजतात. अप्पा शाल गुंडाळून, कानटोपी घालून तिथं सहाला बसले ते नाष्ट्याला बी उठेनात. मी म्हणलं थंडी वाजत नाही का, तर म्हणले, 'बाई, चौतीस वर्षं पहाटे उठून व्हॉल्व फिरवला, एवढं पाणी एका जागी बघितलं नाही. धनेगावला मांजरा धरण भरलेलं बघितलंय, पण ते बघताना पोटात गोळा असायचा, किती दिवस पुरंल म्हणून.' ह्या व्हरांड्यासाठी माझे सगळे पैसे वसूल. खोलीतल्या बाकीच्या सगळ्या गोष्टींना मी पाचपैकी तीनच देईन, पण व्हरांड्याला पैकीच्या पैकी.

त्या बाकीच्या गोष्टी म्हणजे पहिली बाथरूम. तिथं इंग्रजांच्या काळातलं टब, बिडाचं, वाघाच्या पंजासारखे पाय असलेलं. लेक खूश. अप्पांनी आत डोकावून नजरेनंच माप घेतलं अन् म्हणले, 'दीडशे-दोनशे लिटर. सोळा साली एवढ्यावर आपल्या गल्लीत एक घर आठ दिवस काढायचं.' लातूरकरांना सांगायला नको, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा टाक्यांपाशी गर्दी करायला बंदी, १४४ कलम लावलेलं, अन् अप्पा ड्यूटीवर पोलिसांसोबत. तर त्या टबात आमच्या घरातलं कोणी बी बसलं नाही, लेकीला बी बसू दिलं नाही. बादली-मग मागितला. वेटरनं आधी बर्फाची छोटी बादली आणून दिली, ती शॅम्पेनची असते म्हणे! मग अप्पांनी आपल्या हिंदीत समजावलं, आता आमची हिंदी म्हणजे निजामाच्या राज्यातली, 'वो नक्को जी, नहाने की होना, बडी वाली,' अन् तो बिचारा कुमाऊंचा माणूस, हसू दाबत गेला अन् प्लास्टिकची आणली. मग अप्पांनी त्याला धरलंच, 'तुमारे इधर नल को पानी कब छोडते जी?' तो म्हणला, 'बाबूजी, पानी तो चौबीस घंटे है.' अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत.

गरम पाणी मात्र चोवीस तास नाही. सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी सहा ते नऊ, बॉयलरचं, अन् जुन्या पाइपातून यायला पाच मिनिटं गार पाणी सोडून द्यावं लागतं. ते गार पाणी अप्पांनी तिन्ही दिवस बादलीत धरून ठेवलं अन् व्हरांड्यातल्या कुंड्यांना घातलं.

थंडी. नोव्हेंबरात रात्री चांगलीच पडते, तळ्याचा काठच १९३८ मीटर उंचीवर आहे. फायरप्लेस खोलीत बी आहे पण पेटवू देत नाहीत, शोभेचा, त्याच्यापुढं इलेक्ट्रिक हीटर आणून ठेवतात अन् त्याचे रात्रीचे पाचशे वेगळे. दहा हजाराच्या खोलीला हीटर वेगळा! हे म्हणजे मंगल कार्यालय भाड्यानं द्यायचं अन् पंख्याचे पैसे वेगळे मागायचे. आणि पत्रे. पहिल्या रात्री पहाटे छतावर धाडधाड आवाज सुरू झाला, अप्पा ताडकन उठले, म्हणले गारपीट, द्राक्षं गेली. कुठली द्राक्षं, लंगूर होते, काळ्या तोंडाचे, छतावरून उड्या मारत झाडांवर चाललेले. व्हरांड्यात खायचं काही ठेवू नका, मायची शेंगदाण्याची चटणी एका माकडानं बरणीसकट नेली. पुढं त्याचं काय झालं देव जाणे, चटणी सोलापुरी तिखटाची होती.

जेवण. नाष्टा भाड्यात होता, तेच ते पोहे, ब्रेड-ऑम्लेट, छोले-पुरी, ठीकठाक, पोह्यात साखर. रात्रीचं जेवण महाग अन् मेन्यूत पनीरच पनीर. पण एक गोष्ट करा, आदल्या दिवशी सांगितलं तर ते कुमाऊंनी जेवण करून देतात, तेच घ्या. आम्ही दुसऱ्या रात्री घेतलं. आलूचे गुटके, भांगेच्या बियांची चटणी (नशा होत नाही, मायला तीनदा सांगावं लागलं), मंडुव्याची भाकरी म्हणजे आपली नाचणी, गहतची डाळ अन् भटची चुडकानी. गहत तोंडात घातल्या घातल्या माय म्हणली, अगं हे तर हुलगे! आमच्याकडं हुलग्याचं माडगं आजारी माणसाला देतात अन् इथं चांदीसारख्या वाटीत, वर तूप सोडून. अन् भट म्हणजे काळं सोयाबीन, त्याची घट्ट काळपट आमटी, भातावर. ही खरी गंमत, लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचे ढीग लागतात, भाव काय निघाला यावर आमच्या बँकेतली निम्मी खाती हलतात, पण सोयाबीन शिजवून ताटात घेतलेलं मी पहिल्यांदा बघितलं. अप्पांनी दोनदा भात घेतला. रेसिपी विचारून आणलीय, पण आपलं पिवळं सोयाबीन तसं लागत नाही, मी आल्यावर करून बघितलं, कुत्र्यानं बी तोंड फिरवलं.

हॉलमधल्या जुन्या फोटोंपाशी थोडा वेळ काढा. बॅरन नावाचा शाहजहांपूरचा इंग्रज साखर व्यापारी १८४१ ला इथं आला अन् मग गोऱ्या साहेबांची वस्ती वाढत गेली, पुढं संयुक्त प्रांताची उन्हाळी राजधानीच झाली. एक फोटो दरडीचा आहे. १८ सप्टेंबर १८८० ला आधी दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिलेला अन् मल्लीतालच्या वरचा डोंगर खाली आला, व्हिक्टोरिया हॉटेल अन् नैनादेवीचं देऊळ गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. आज जिथं पोरं क्रिकेट खेळतात, मोमोच्या गाड्या लागतात ते फ्लॅट्सचं मैदान त्याच मलब्यानं वाढलंय. अप्पा त्या फोटोपुढं चष्मा पुसून पुसून उभे. म्हणले, 'आपलं किल्लारीबी सप्टेंबरलाच. गणपती बुडवून लोक झोपले अन् पहाटं चारच्या आत सगळं संपलं.' ९३ ला ते टँकर घेऊन किल्लारीला गेले होते, एवढंच आम्हाला माहीत, त्याच्या पुढं ते कधी बोलत नाहीत, तिथं बी बोलले नाहीत. एका जुन्या वेटरनं सांगितलं की त्या दरडीनंतर इंग्रजांनी सगळ्या डोंगरावर नाल्यांचं जाळं बांधलं, पावसाचं पाणी मुरून डोंगर फुगू नये म्हणून. मग काय, आमच्या अप्पांना नाले बघायचे होते. लोक रोपवेनं स्नो व्ह्यूला जातात, आम्ही नाले बघितले.

(स्नो व्ह्यूला बी गेलो शेवटच्या दिवशी, नंदादेवी, त्रिशूळ स्वच्छ दिसले, पावसाळा संपल्यावर हवा धुतलेली असते म्हणून नोव्हेंबर चांगला. बोटिंग केलं, माय डोळे मिटून बसली. तिबेटी बाजारात स्वेटर घेतले, भाव निम्म्यापासून सुरू करा.)

तिसऱ्या दिवशी अप्पा तल्लीतालला एकटेच गेले, तिथं तळ्याचं पाणी खाली सोडायची दारं आहेत, त्या जागेला डांठ म्हणतात, जास्तीचं पाणी तिथून बलिया नाल्याला जातं. दोन तास आले नाहीत, फोन खोलीतच. मी शोधत गेले तर एका चहाच्या टपरीवर बसलेले, टपरीवाल्याशी ह्यांची दखनी अन् त्याची पहाडी अशी जुगलबंदी चाललेली. मला बघून म्हणले, 'बाई, इथं बी पातळी मोजायची पट्टी हाय. शून्याची खूण हाय. २०१७ च्या उन्हाळ्यात शून्याच्या लई खाली गेलं होतं म्हणायलेत, काठाला नुसता गाळ. अन् अख्खं गाव हेच पाणी पितंय.' मग वर सूखाताल नावाचं दुसरं तळं आहे, पावसाळ्यापुरतं भरणारं, त्याचं पाणी जमिनीतून मुरून ह्या तळ्याला येतं अन् तिथं माणसांनी घरं बांधलीत, हे बी त्यांनी टपरीवरूनच मिळवलं. २००७ पासून तळ्याच्या बुडाशी पाइपानं हवा सोडतात, माशांना अन् पाण्याला श्वास यावा म्हणून, हे बी. आटत नाही असं तळं बघायला आणलं होतं ना मी त्यांना. मला वाटलं हिरमुसले असतील, तर उलट गडी खुलला होता, आल्यापासून पहिल्यांदा एवढं बोलत होता, वर चढून हॉटेलवर येईपर्यंत बासष्ट पायऱ्या बोलत बोलत चढले.

त्या संध्याकाळची गोष्ट सांगून संपवते. बदलून दिलेल्या खोलीच्या संडासात फ्लशची टाकी पहिल्यापासून गळत होती, रात्रभर बारीक सुर्रर्र. दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा 'प्लंबर कल आएगा.' दुसऱ्याला झोप आली असती, पण व्हॉल्वमनला वाहत्या नळाच्या आवाजात झोप कशी येणार. शेवटच्या रात्री अप्पांनी टाकीचं झाकण काढलं, बॉलकॉकची दांडी वाकवली, मायच्या शिवणाच्या डब्यातला दोरा वायसरला गुंडाळला, दहा मिनिटांत आवाज बंद. सकाळी खोली आवरायला आलेल्या पोरानं बघितलं, खाली जाऊन सांगितलं, तर मॅनेजर स्वतः वर आला, ट्रेमध्ये चार चहा अन् अल्मोड्याची बालमिठाई, अप्पांपुढं हात जोडून, 'बाबूजी, शेजारच्या दोन खोल्यांची बी तीच कम्प्लेंट आहे,' असं हिंदीत म्हणला. अप्पा निघाले होते हो! मीच अडवलं, काठगोदामची गाडी होती.

चेकआउटला बिल आलं त्यात सर्व्हिस चार्ज लावलेला, तो ऐच्छिक असतो, २०२२ ला ग्राहक प्राधिकरणानं तशा सूचना काढल्यात, मी म्हणलं काढा, लगेच काढला, वाद नाही. तुम्ही बी म्हणा. त्याऐवजी तो पैसा बादली आणून देणाऱ्या वेटरच्या हातात ठेवला. सकाळचे चार चहा अन् बालमिठाई लावली नव्हती. हीटरचे तिन्ही रात्रींचे पंधराशे मात्र लावले होते, पहिल्या रात्रीच्या त्या चुलीसमोरच्या खोलीचे सुद्धा.